चौदावा मुद्दा

ग्लिनिस बर्कबीला गाडी परत हवी होती, पण गाडीपेक्षाही जास्त तिला पॉला डेनबी हवी होती.

पॉला डेनबीला तिने उभ्या आयुष्यात एकदाच पाहिलं होतं. पंचावन्न मिनिटं. पॉला मूळची नर्स, पण नर्सचं काम सोडून एका कंपनीत लागली होती. ही कंपनी सरकारी खात्याला आजारी माणसं तपासून द्यायची. कुणाला चालता येतं, कुणाला स्वतःचं स्वतः जेवता येतं, कुणाचा भत्ता चालू ठेवावा, कुणाचा काढावा. ग्लिनिसचा काढला. गाडी त्याच भत्त्यातून भाड्याने मिळालेली होती, म्हणून गाडीही गेली. नेव्हिल, म्हणजे तिचा नवरा, स्वतःच ती चालवत नेऊन परत करून आला आणि दोन बस बदलून घरी पोचला. घरात शिरताना त्याचा हात सवयीने किल्ली अडकवायच्या खुंटीकडे गेला. ते ग्लिनिसने पाहिलं, आणि पॉला डेनबीच्या नावावर आणखी एक गुन्हा चढवला.

हॅगथॉर्पच्या बायका मनात धरून ठेवण्यात कच्च्या नाहीत. कोळशाच्या खाणी बंद पडायच्या आधी जो मोठा संप झाला, तेव्हा ग्लिनिस तेवीस वर्षांची होती आणि खाणकामगारांच्या वेल्फेअर हॉलमध्ये संपकऱ्यांसाठी रोज तीनशे माणसांचे बटाटे सोलत होती. पलीकडच्या घरातला आल्फ प्रॉक्टर संप मोडून कामावर गेला. त्याला आता पस्तीस वर्षं झाली. दोन्ही घरांच्या मध्ये एकच भिंत, त्यांच्याकडच्या टीव्हीवर काय चाललंय ते हिला ऐकू येतं, पण ग्लिनिस त्या घरातल्या कुणाशी एक शब्द बोललेली नाही. आल्फ वारला तेव्हा तिने शोक म्हणून खिडक्यांचे पडदे ओढून घेतले नाहीत. गल्लीतल्या बाकी सगळ्यांनी ओढले होते.

संपानंतर ती प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात लागली. सव्वीस वर्षं. चाळिशीच्या आतलं निम्मं गाव तिच्या हातचं कस्टर्ड खाऊन वाढलंय. मग संधिवात आला. आधी अंगठे, मग मनगटं, मग गुडघे. बोटं अशी वाकली की हात टेबलावर ठेवला तरी तो काहीतरी उचलायला निघालाय असं वाटायचं. एक दिवस कस्टर्डचं भलंमोठं पातेलं तिच्या हातून सुटलं. कुणाला भाजलं नाही, पण त्याच आठवड्यात तिने राजीनामा दिला.

पॉलाचा अहवाल चौतीस पानांचा होता. ग्लिनिसला तो जवळजवळ पाठ झाला होता.

"केस नीट बसवलेले, कपडे स्वच्छ, कोटाची बटणं व्यवस्थित लावलेली."

"प्रतीक्षागृहापासून तपासणीच्या खोलीपर्यंत साठ मीटर अंतर सामान्य गतीने चालल्या."

"कशा आहात असं विचारल्यावर 'ठीक, तक्रार नाही' असं उत्तर दिलं."

"स्वयंपाक, आंघोळ, शौच याबद्दल विचारल्यावर 'भागतं' असं सांगितलं."

आणि शेवटी: "सांगितलेल्या अडचणी प्रत्यक्ष निरीक्षणाशी जुळत नाहीत."

"म्हणजे मी खोटारडी," ग्लिनिस म्हणाली.

"तसं कुठे लिहिलंय?" नेव्ह म्हणाला.

"नेव्ह, तुला वाचता येतं ना?"

यात राग येण्यासारखी गोष्ट अशी होती की बहुतेक वाक्यं खरी होती. केस नीट बसवलेले होतेच. आदल्या दिवशी गल्लीतल्या ब्रेंडाने घरी येऊन बसवून दिले होते. कोट तिचा सगळ्यात चांगला, निळा, लोकरीचा. सरकारी माणसासमोर जाताना चांगले कपडे घालून जायचं, आपली दैना त्यांना दाखवायची नाही, हे तिच्या आईने तिला बोलायच्याही आधी शिकवलं होतं. आणि कुणी "कशी आहेस?" विचारलं तर हॅगथॉर्पमध्ये एकच उत्तर आहे. ठीक, तक्रार नाही. ग्लिनिसची आई मरायच्या तीन दिवस आधी डॉक्टरला हेच म्हणाली होती, आणि डॉक्टर गावातला असल्यामुळे त्याने ताबडतोब अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली होती.

पॉला गावातली नव्हती. किंवा होती आणि तिने तसं दाखवलं नाही. ग्लिनिसचा या दुसऱ्या शक्यतेवर जास्त विश्वास होता. "चांगली हसत होती माझ्याशी. म्हणाली, कोट किती छान आहे तुमचा. मी म्हटलं, अगं, बारा वर्षांचा आहे. मला वाटलं गप्पा मारतेय. ती लिहून घेत होती."

साठ मीटरचं मात्र नेव्हला सहन झालं नाही. तो तीस वर्षं रविवारच्या फुटबॉल सामन्यांत पंच होता, अंतराच्या बाबतीत त्याला कुणी काही सांगायचं नाही. तो मोजपट्टी घेऊन कंपनीच्या त्या इमारतीत गेला आणि सरळ जमिनीवर गुडघे टेकून बसला.

"काय करताय तुम्ही?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

"गालिच्याचं माप घेतोय."

"कसला गालिचा?"

"तेच मी विचारणार होतो तुम्हाला. जरा पाय उचला, राणी."

प्रतीक्षागृहापासून तपासणीच्या खोलीपर्यंत चौदा मीटर आणि वर थोडं.

पहिलं पाऊल म्हणजे खात्यालाच पत्र लिहायचं, निर्णय पुन्हा तपासा म्हणून. त्याशिवाय पुढे जाताच येत नाही. नेव्हने लिहिलं, तिने सही केली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. पुन्हा तपासलं, निर्णय बरोबर आहे. पत्रात तिचं नाव 'ग्लेनिस' छापलं होतं. पहिल्या पत्रातही तसंच होतं.

"तपासलं म्हणे," ग्लिनिस म्हणाली. "माझं नावसुद्धा तपासलं नाही मेल्यांनी."

मग ती शगुफ्ताकडे गेली. जुन्या वाचनालयात मंगळवारी सल्ला केंद्र चालतं, तिथे शगुफ्ता बसते. पस्तिशीची, चपळ, बोलताना समोरच्याकडे टक लावून बघणारी. लहानपणी तिनेही ग्लिनिसच्या हातचं कस्टर्ड खाल्लेलं.

"मिसेस बर्कबी, आता ट्रायब्युनल," ती म्हणाली. "ते खात्याचं नाही. तिघं असतात, एक न्यायाधीश, एक डॉक्टर, आणि एक अपंगत्वाचा अनुभव असलेलं माणूस. खातं काय म्हणालं ते त्यांना मानावं लागत नाही, सगळं पहिल्यापासून बघतात. फक्त एकच दिवस बघतात. निर्णय झाला तो दिवस. त्या दिवशी तुम्हाला काय येत होतं आणि काय येत नव्हतं."

"आणि ती येणार?"

"कोण?"

"डेनबी."

"नाही. त्या कधीच येत नाहीत."

"मग बोलवा तिला. समन्स काढा. मी नेव्हकडून सात पानं लिहून घेतलीत तिच्यावर."

शगुफ्ताने पेन खाली ठेवलं. "हे बघा. तिथे कुणावर खटला नसतो. तुम्ही चाळीस मिनिटं पॉलाबद्दल बोललात तर त्यांना पॉलाबद्दल कळेल, तुमच्याबद्दल काहीच कळणार नाही. आणि एक सांगते, तो 'भागतं' शब्द आजपासून बंद. भागतं म्हटलं की ते लिहितात, जमतं. कसं भागतं ते सांगायचं. किती वेळ लागतो, किती दुखतं, नंतर काय होतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा करता येतं का."

तारीख यायला अकरा महिने लागले. तेवढ्या काळात नेव्हने आपली पंचाची शिट्टी ड्रॉवरमधून काढून गळ्यात घातली.

"आंघोळ कशी करता, मिसेस बर्कबी?" तो न्यायाधीशाचा आवाज काढून विचारायचा.

"भागतं कसंतरी."

शिट्टी.

"तू ती थोबाडातून काढ नाहीतर गिळायला लावीन."

"बटाटे सोलता का?"

"सोललेलेच आणतो ना आपण आता. त्यामुळे भाग—"

शिट्टी. भिंतीपलीकडून प्रॉक्टरांच्या घरातून कुणीतरी ठोठावलं. ग्लिनिसने तिकडे बघून नेव्हला सांगितलं, "आणखी जोरात वाजव."

सुनावणीच्या दिवशी तिने तोच निळा कोट मागितला. नेव्ह म्हणाला, अगं, जुना स्वेटर घाल, जरा गबाळी दिस. ती म्हणाली, "मी नाटक करायला जात नाहीये. तिने ह्याच कोटावर लिहिलंय ना? मग हाच कोट बघू देत त्यांना." नेव्हने नेहमीप्रमाणे तिची बटणं लावून दिली. पर्समध्ये ती सात पानं होतीच.

खोली अगदी साधी निघाली. उंच आसन नाही, न्यायाधीशांचा तो पांढरा विग नाही, लांब टेबल आणि पाण्याचा जग. पलीकडे तिघं. न्यायाधीश बाई साधारण तिच्याच वयाच्या, सर्दी झालेल्या. डॉक्टर म्हातारा. तिसरा माणूस चाकाच्या खुर्चीत. आणि या बाजूला, शगुफ्ताच्या पलीकडे, एक रिकामी खुर्ची.

"ही कुणाची?" ग्लिनिसने हळूच विचारलं.

"खात्याच्या माणसाची. पाठवला नाही कुणी."

ग्लिनिस त्या खुर्चीकडे बघत राहिली. अकरा महिने ती कुणाच्या तरी तोंडावर बोलायची तयारी करत होती. पॉला नाही तर निदान पॉलाची बाजू घेणारं एखादं माणूस, ज्याचा चेहरा उतरताना दिसेल. त्यांना तिला लुबाडायला सवड होती, तोंड दाखवायला नव्हती.

"गुड मॉर्निंग, मिसेस बर्कबी," न्यायाधीश बाई म्हणाल्या. "कशा आहात आज?"

"ठीक," ग्लिनिस म्हणाली. "तक्रार—"

मागे नेव्हची खुर्ची करकरलेली तिला ऐकू आली. शिट्टी त्याने बाहेर सुरक्षा रक्षकाकडे जमा केली होती, नाहीतर वाजवलीच असती.

"नाही," ती म्हणाली. "ठीक नाही. आज इथे यायचं म्हणून काल दिवसभर पडून होते, आणि उद्या दिवसभर पडून राहणार. ठीक म्हणायची सवय आहे आमच्याकडे. त्या बाईने ती सवय लिहून घेतली आणि माझी गाडी नेली."

"अहवाल आम्ही वाचलाय," न्यायाधीश बाई शांतपणे म्हणाल्या. "तुमच्या यजमानांचं कॉरिडॉरच्या मापाचं पत्रही वाचलंय. आता आम्हाला तुमच्याकडून ऐकायचंय."

सात पानांचा विषय तिथेच संपला. डॉक्टर विचारायला लागला. कोट सुंदर आहे, बटणं कुणी लावली? ह्याने. रोज? रोज. बसस्टॉपपर्यंत किती वेळा थांबता? पहिल्या दिव्याच्या खांबाशी, मग चर्चच्या भिंतीशी, मग कधी कधी तिथूनच परत. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाने विचारलं, परत आल्यावर त्याच दिवशी पुन्हा जाऊ शकता का? ती म्हणाली, तुम्हीच सांगा. तो हसला आणि त्याने काहीतरी लिहिलं.

मग डॉक्टरने संडासाबद्दल विचारलं.

"नेव्ह," ग्लिनिस मागे न बघता म्हणाली, "बाहेर जा."

"अगं, पण मी—"

"बाहेर जा म्हणते ना."

दार लागल्यावर ती बोलली. दोन वर्षं हात मागे पोचत नाही. मनगट वळत नाही. शाळेतून आणलेला एक लांब दांड्याचा लाकडी चमचा आहे, त्याला कागद गुंडाळून, रबराने बांधून ती स्वतःला पुसते. चमचा फ्लशच्या टाकीच्या मागे ठेवते. नवऱ्याला वाटतं तो नळ साफ करायचा आहे. कधी कधी कागद सुटतो. मग ती तासभर आत असते, आणि तो बाहेरून विचारतो, ठीक आहेस ना? ती म्हणते, ठीक.

"हे तुम्ही तपासणीत सांगितलंत?" न्यायाधीश बाईंनी विचारलं.

"तिने विचारलं, संडासला काही अडचण? मी म्हटलं, भागतं. तिने पुढे विचारलं नाही. तुम्ही विचारलंत."

त्यांना बाहेर बसवलं. वीस मिनिटांनी बोलावून एक पानाचा निर्णय हातात दिला. अपील मंजूर. भत्त्याचे दोन्ही भाग, रोजच्या जगण्याचा आणि हिंडण्याफिरण्याचा, पूर्ण दराने, बंद झाला त्या तारखेपासून. नेव्ह कॉरिडॉरमध्ये भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि बराच वेळ नाक पुसत राहिला. शगुफ्ताने ग्लिनिसला मिठी मारली, फार घट्ट नाही, तिला ग्लिनिसची हाडं माहीत होती.

ग्लिनिसने पान उलटून बघितलं. मागे कोरं होतं.

"तिने खोटं लिहिलं असं कुठे आहे ह्यात?"

"तुम्ही जिंकलात, मिसेस बर्कबी."

"ते कळलं. ती हरली असं कुठे लिहिलंय?"

शगुफ्ताला सांगावं लागलं. निर्णय एवढाच असतो. कारणं सविस्तर हवी असतील तर महिन्याच्या आत लेखी मागायची, मग न्यायाधीश परिच्छेदवार लिहून देतात, कुणाचं मानलं, कुणाचं नाही, का. "पण ती हरलेला माणूस मागतो. जिंकलेला कुणी मागत नाही. कारण ती कारणं खात्यालाही जातात. त्यात त्यांना कायद्याची एखादी चूक सापडली तर ते वरच्या ट्रायब्युनलकडे जाऊ शकतात. तुम्ही मागितली नाहीत आणि त्यांनीही मागितली नाहीत, तर विषय संपला. गाडी तुमची."

"तू माझ्या जागी असतीस तर?"

"मी घरी जाऊन चहा प्यायले असते."

घरी चहा झाला, आणि चहानंतर भांडण.

"गाडी येतेय आपली," नेव्ह म्हणाला. "पुन्हा पणाला लावायची? त्या बाईसाठी?"

"त्या बाईसाठी नाही. माझ्यासाठी."

"अकरा महिने मी तुला बसच्या पायरीवर ढकलतोय, ग्लिन. माझी पाठ बघ."

"तुझी पाठ मला माहीत आहे. तू अकरा महिने ढकललंस, आणि ती अजून तिथे बसून लोकांच्या कोटांचं कौतुक करतेय. आज सकाळीसुद्धा कुणाच्या तरी कोटाचं केलं असेल. ते माणूस घरी जाऊन म्हणालं असेल, बाई छान होती."

नेव्ह कप विसळायला उठला. पण दुसऱ्या दिवशी अर्ज त्यानेच लिहिला, कारण तिला पेन धरवत नव्हतं.

कारणं नऊ आठवड्यांनी आली. पाकीट नेव्हने फोडलं. ग्लिनिसच्या बोटांना पाकिटं फुटत नाहीत. सहा पानं होती. तो स्वयंपाकघरात उभ्याने वाचायला लागला, तिला ऐकू जाईल असं मोठ्याने. एक ते तेरा म्हणजे कायदा, तारखा, कोणत्या नियमाखाली काय. मग चौदावा मुद्दा.

"'मूल्यमापन करणाऱ्या व्यक्तीने नोंदलेलं साठ मीटरचं अंतर आम्ही स्वीकारत नाही. त्या इमारतीत तेवढं अंतरच उपलब्ध नाही. ही नोंद प्रत्यक्ष निरीक्षणावर आधारलेली असू शकत नाही. त्यामुळे अहवालातल्या इतर निरीक्षणांवरही आम्ही विसंबू शकत नाही.'" नेव्ह थांबला. "ग्लिन. ऐकलंस? असू शकत नाही म्हणतात."

"पुन्हा वाच."

त्याने पुन्हा वाचलं. ती डोळे मिटून ऐकत होती. कस्टर्ड बरोबर जमलंय की नाही ते चमच्यावर बघताना तिचा चेहरा असा व्हायचा. मग नेव्ह पुढे गेला.

"'पंधरा. अपीलकर्ती शौचानंतर स्वतःची स्वच्छता—'"

तो मोठ्याने वाचायचा थांबला. डोळे मात्र खालच्या ओळींवरून जात राहिले. ग्लिनिसला माहीत होतं तिथे काय असणार. न्यायाधीश बाईंनी चमचासुद्धा लिहिला असणार, त्या सगळं लिहून घेत होत्या.

नेव्हने पान टेबलावर ठेवलं. वर गेला. टाकीमागे चाचपताना आवाज आला. खाली आला तेव्हा त्याचे हात रिकामे होते; चमचा त्याने होता तिथेच ठेवला होता.

"मला सांगायचं नाही का?" तो म्हणाला. "मी विचारायचो ना बाहेरून."

"विचारायचास. आणि मी ठीक म्हणायचे."

"मी केलं असतं."

"माहीत आहे. म्हणून तर नाही सांगितलं."

तो तिच्यासमोर बसला. मग ग्लिनिसने वाकड्या बोटांनी ते पान स्वतःकडे ओढलं. एकाच पानावर होते दोन्ही, वर चौदा, खाली पंधरा. पॉलाची नर्स म्हणून नोंदणी अजून चालूच होती, आणि ती नोंदणी ठेवणाऱ्या मंडळाकडे तिची तक्रार करायची तर हेच पान जोडावं लागणार होतं.

तिने शगुफ्ताला फोन लावला.

"खालचा भाग काळ्या पेनने झाकता येईल," शगुफ्ता म्हणाली. "तो तुमचा खाजगी भाग आहे, कुणी हरकत घेणार नाही. पण मिसेस बर्कबी, अजून महिनाभर खात्याला वर जायची मुदत आहे. ती संपू दे, मग पाठवा. आत्ता कशाला डिवचायचं?"

"आत्ताच डिवचायचंय."

नेव्हने काळं जाड पेन शोधून आणलं, टोपण काढलं, पट्टी ठेवली. तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"राहू दे."

"अगं, लोक वाचतील. ऑफिसातली माणसं. कुठली कुठली."

"तिला प्रत पाठवावी लागते त्यांना. ज्याच्यावर तक्रार, त्याला. हो ना?"

"हो."

"मग हे तिने वाचायला हवं. चौदावा वाचून ती म्हणेल, मोजण्यात चूक झाली. माणूस आहे, होतं. पंधरावा वाचू दे. माझ्या कोटाचं कौतुक करत होती तेव्हा मी कशी जगत होते ते तिने चहा पिता पिता वाचायला हवं. तो चहा तिच्या घशाखाली उतरता कामा नये."

"तिला काही वाटणारच नाही, ग्लिन. असल्या बायकांना—"

"नाही वाटलं तर उत्तर लिहावं लागेल. लिहायला बसली की पुन्हा वाचावं लागेल."

नेव्हने टोपण लावलं. पाकीट त्याने चिकटवलं, पत्ता तिने सांगितला तसा लिहिला. पोस्टात जायला ती स्वतः निघाली. दिव्याच्या खांबाशी थांबली, चर्चच्या भिंतीशी थांबली, तिथून परत फिरली नाही. पोस्टाच्या काउंटरवर ब्रेंडाची सून होती.

"साधं पाठवू की सही घेऊन, ग्लिनिस मावशी?"

"सही घेऊन."

"तिकडे ऑफिसात कुणीही सही करतं हं. शिपाईसुद्धा."

"करू दे," ग्लिनिस म्हणाली. "मला फक्त सही करणाऱ्याचं नाव कळलं म्हणजे झालं."